लंका, त्रिंकोमालीमार्गे

९ जानेवारी १९५५, रविवार

यंदाच्या यात्रेला सिलोन नक्की केलं. त्र्यंबक, गाणगापूर, नरसोबाची वाडी आता कुणीही उठून काढतो. लंकेला मात्र इकडून कुणी माणसं नेल्याचं माझ्या ऐकिवात नाही. अशोकवन प्रत्यक्ष दिसणार म्हटलं की बायका तयार होतील, आणि बायका तयार झाल्या की पुरुष येतातच. मद्रासपर्यंत मेल, तिथून बोटमेलने धनुष्कोडी, पुढे आगबोटीने तलैमन्नार. रेल्वे कचेरीत पंधरा वर्षं काढल्याचा एवढा तरी उपयोग व्हावा.

नकाशा जमिनीवर पसरून वहिनींना समजावत होतो. त्या तांदूळ निवडत होत्या. सगळं ऐकून घेतल्यावर म्हणाल्या, "आणि त्रिंकोमाली?"

मी म्हटलं, "तिथे कोणेश्वराचं मोठं देऊळ होतं, ते पोर्तुगीजांनी पाडलं. आता नुसता कडा आहे. देऊळ नाही तिथे लोक कशाला येतील?"

"मी येईन," वहिनी म्हणाल्या.

आजवर माझ्या एकाही सहलीला त्या आलेल्या नाहीत. घरात कुणीतरी असायला हवं, म्हणतात. मी त्रिंकोमाली वाढवलं. दोन दिवस जास्त लागतील.

दादाचं इथे एकदाच लिहून ठेवतो, म्हणजे पुन्हा लिहायला नको. दादा मालवाहू बोटीवर कारकून होता. एप्रिल बेचाळीसमध्ये त्रिंकोमालीच्या बाहेर जपानी विमानांनी ती बोट बुडवली. काही जण पोहून किनाऱ्याला लागले, काहींची प्रेतं मिळाली. दादा यांतही नव्हता आणि त्यांतही नव्हता. 'बेपत्ता' एवढं कळवण्यात आलं. वहिनी तेव्हा बावीस वर्षांच्या. लग्नाला दोन वर्षंही झाली नव्हती. आई होती तोवर आम्ही तिघं, नंतर दोघं. वहिनी कुंकू लावतात. त्या विषयावर मी बोलत नाही, त्याही बोलत नाहीत. चाललं आहे.

२३ जानेवारी, रविवार

आज घरी बैठक. बोरीवलीचे भाऊ राजाध्यक्ष आले होते, बरोबर जयंतीकाकू. भाऊ कोर्टातून निवृत्त झालेले. ते आले तर त्यांच्याबरोबर आठ माणसं येतात आणि भाऊ गेले तर आठही जातात, म्हणून त्यांना सांभाळावं लागतं.

मी जागा सांगत गेलो. केतीश्वर झालं, अशोकवन झालं, काकू तर डोळे मिटून ऐकत होत्या. मग मी म्हटलं, "आणि दक्षिणेला कतरगाम. साऱ्या बेटाचं मोठं दैवत. तिथले बौद्धसुद्धा नवस बोलतात."

"देव कोणता?" भाऊंनी विचारलं.

"कार्तिकस्वामी."

भाऊंनी कप बशीत ठेवला. "आणि बरोबर बायका नेणार? अहो, कार्तिकस्वामीचं तोंड पाहिलं तर बाईला सात जन्म वैधव्य येतं. तुम्हाला घरात कुणी सांगितलं नाही का हे?"

"मला नाही बाई तसलं काही," काकू म्हणाल्या. "मला यांच्या आधी जायचंय. सातही वेळा."

भाऊंनी तर गाशाच गुंडाळायला घेतला. मी म्हटलं, बायका धर्मशाळेत थांबतील, पुरुष तेवढे दर्शन घेऊन येतील. तेवढ्यात वहिनी स्वयंपाकघरातून बाहेर आल्या. एरवी त्या बैठकीत बोलत नाहीत.

"बायका बाहेरच थांबतील, भाऊ. मी सगळ्यांना घेऊन बसेन. एकही आत जाणार नाही. मी तर नाहीच नाही."

इतक्या ठामपणे म्हणाल्या की भाऊ एकदम खूश. "याला म्हणतात संस्कार," माझ्याकडे बघून म्हणाले. वहिनी एवढ्या देवभोळ्या असतील असं मला वाटलं नव्हतं. एकादशीचा उपासही त्या धरत नाहीत.

६ फेब्रुवारी, रविवार

पटकीचं इंजेक्शन घेतल्याशिवाय बोटीत चढू देत नाहीत, म्हणून ॲग्नेसला विचारायला चकाल्याच्या गावठाणात गेलो. ती प्रसूतिगृहात नर्स आहे. आईच्या शेवटच्या आजारात रोज येऊन जायची, तेव्हापासून घरचीच. अंगणात बोंबील वाळत होते, तिथेच खुर्ची टाकून दिली.

"किती लोक? तीस? सगळ्यांना टोचते मी," ती म्हणाली. "पण विद्याधर, एक सीट मला पण ठेव ना. तुझ्या त्या लंकेत मडूची मेरीमाता आहे. आईने नवस बोललेला आणि तशीच गेली ती. कोण फेडणार आता?"

नकाशात पाहिलं. मडू आमच्या वाटेवरच आहे. हो म्हणून टाकलं, आणि घरी येईपर्यंत भाऊंचा चेहरा डोळ्यांपुढे यायला लागला.

१३ फेब्रुवारी, रविवार

अपेक्षेप्रमाणे. भाऊ म्हणाले, "हिंदूंच्या यात्रेत ख्रिस्ती बाई कशी चालेल? पंगतीचं काय?"

वहिनींनी विचारलं, "भाऊ, परमुलखात तुम्हाला जुलाब झाले तर रात्रभर तुमच्या उशाशी कोण बसणार? मी नाही बसणार हं."

काकू इतक्या हसल्या की भाऊंनाही हसावं लागलं. ॲग्नेस येते आहे.

१९ फेब्रुवारी

वहिनींच्या पासपोर्टचं अडलं. खिडकीवरचा कारकून म्हणाला, लग्न झालेल्या बाईला नवऱ्याची संमती लागते. नवरा नसेल तर मृत्यूचा दाखला. मी त्याला बाजूला घेऊन सगळं सांगितलं. माणूस चांगला होता. म्हणाला, "मग सोपं आहे. इतकी वर्षं झाली, कोर्ट दाखला देईल. अर्ज करा."

घरी येऊन तेच वहिनींना सांगितलं.

"दाखला मी मागणार नाही," त्या म्हणाल्या.

"त्याशिवाय पासपोर्ट मिळणार नाही, वहिनी."

"मग न मिळो."

आणि आमटीला फोडणी दिली. त्या आल्या नाहीत तर बायकांची सोय कोण बघणार? आता एवढ्या जणींना शब्द दिला आहे. मला तीच काळजी आहे.

४ मार्च

ॲग्नेसच्या ओळखीच्या वकिलाने मार्ग काढला. मॅजिस्ट्रेटपुढे शपथेवर सांगायचं की नवरा बेचाळीसपासून बेपत्ता असून दीर हाच पालनकर्ता आहे आणि त्याची संमती आहे. 'बेपत्ता' शब्दाला वहिनींची हरकत नव्हती. आज अंधेरीच्या कोर्टात जाऊन आलो.

परत येताना टांग्यात वहिनी म्हणाल्या, "पालनकर्ता. म्हणजे मी तुमची कोण झाले?"

"तसं लिहावं लागतं, वहिनी."

"ते कळलं मला."

पुढे घर येईपर्यंत त्या रस्त्याकडे बघत होत्या. लाल काठाचं लुगडं नेसल्या होत्या, एरवी सणाला नेसतात ते. कोर्टात जायचं म्हणून असेल.

१५ मार्च

पासपोर्टच्या चौकशीला हवालदार आला. मी कचेरीतून नुकताच आलो होतो. त्याने वही काढली आणि वहिनींनाच विचारलं, "बाई, मालक कुठे असतात?"

"बोटीवर."

"कधी यायचेत?"

"कळवलं नाही."

"किती दिवस झाले?"

"एप्रिलात तेरा वर्षं होतील."

हवालदाराने माझ्याकडे पाहिलं. मी चहाकडे पाहिलं. त्याने पेन्सिल खिशात घातली, चहा संपवला आणि "बरं आहे बाई, येतो" म्हणून गेला.

२७ मार्च, रविवार

भाऊंनी माझ्यासाठी स्थळ आणलं. बोरीवलीचीच मुलगी, शाळेत शिकवते, वय तीस. मी सदतिशीचा. "आता नाही म्हणाल तर पुन्हा कुणी विचारणार नाही," भाऊ म्हणाले. मी सांगितलं की वहिनींची जबाबदारी माझ्यावर आहे, दादा असा अर्धवट टाकून गेलेला, मी माझा संसार कसा थाटू? शिवाय यात्रेच्या कामातून वेळ नाही. भाऊंनाही पटलं असावं, कारण ते गप्प बसले.

वहिनी पोहे घेऊन दारात उभ्या होत्या. केव्हापासून ते माहीत नाही. बशी माझ्यापुढे ठेवली, त्यांचीही ठेवली. पोह्यांत मीठ नव्हतं. त्यांच्या हातून असं कधी होत नाही.

२१ एप्रिल

उद्या निघायचं. सगळ्यांचे पासपोर्ट आणि व्हिसे माझ्या हातपेटीत आहेत. काकूंनी लोणच्याच्या दोन बरण्या घेतल्या आहेत, वाटेत फुटणार. वहिनींची बॅग सर्वांत लहान. त्यांनी दादाचा एक सदरा घेतला आहे, हे घडी घालताना दिसलं. विचारलं नाही.

२६ एप्रिल, तलैमन्नार

मंडपमला, बोटीत चढण्याआधी, डॉक्टरने प्रत्येकाची जीभ पाहिली. बोट लागली ती भाऊंना. ॲग्नेस त्यांच्यापुढे तस्त धरून बसली होती. उतरल्यावर भाऊंनी तिच्या हातचं लिंबाचं सरबत घेतलं, आणि पंगतीचा विषय तिथेच संपला. समुद्र थेट तळ दिसेल इतका स्वच्छ. वहिनी पूर्ण वेळ कठड्याशी उभ्या होत्या.

२८ एप्रिल

काल केतीश्वर झालं, आज मडू. आत जाणार नाही म्हणणारे सगळेच आत गेले. काकूंनी मातेपुढे मेणबत्ती लावली. "बाईच आहे ना ती," म्हणाल्या. ॲग्नेस खूप रडली आणि नंतर खूप जेवली.

१ मे, त्रिंकोमाली

पहाटेच कड्यावर नेलं. किल्ल्यातून वाट आहे, पहारेकऱ्याला नावं सांगावी लागली. वर पुजारी समुद्राकडे तोंड करून आरती ओवाळतो आणि फुलं खाली सोडतो. ती पाण्यापर्यंत पोचताना दिसत नाहीत, इतका उंच कडा. देऊळ नसल्याबद्दल कुणी कुरकुर केली नाही. भाऊसुद्धा म्हणाले की जागा जागृत आहे.

त्यानंतर शहाळी आणायला म्हणून गेलेल्या वहिनी आणि ॲग्नेस कुठे राहिल्या कळेना. दुपार कलली तरी पत्ता नाही. माणसं जेवायची थांबली होती. आल्या तेव्हा दोघींचे पाय वाळूने भरलेले. मी रागावलो. "शहाळी आणायला एवढा वेळ लागतो?"

वहिनी पानं वाढायला लागल्या. ॲग्नेसने मला बाहेर ओढलं.

"शहाळी कसली रे? ती कोळ्यांच्या वाड्या फिरत होती. लॉजचा मॅनेजर बरोबर होता बोलायला. त्या साली जे पोहून आले त्यांतला कुणी इथेच राहिला का, असं घरोघर विचारत होती. भुवईवर व्रण असलेला माणूस."

मी विचारलं, "मग?"

"एका म्हाताऱ्याला आठवत होतं. म्हणाला, आमच्या किनाऱ्याला आले ते सगळे लष्कराच्या लॉरीतून गेले. मागे एक पण राहिला नाही." ॲग्नेसने रुमालाने तोंड पुसलं. "तो सदरा तिने त्याच्या नातवाला देऊन टाकला. तुला दादाचा व्रण ठाऊक होता का?"

ठाऊक होता. लहानपणी विटी लागली होती. माझीच.

५ मे

अशोकवन. ओढ्याकाठी लहानसं देऊळ, थंडी, आणि चहाच्या बागा. बायकांनी ओढ्यातलं पाणी बाटल्यांतून भरून घेतलं. सगळे कृतकृत्य झाले असं वाटतं. पुढच्या वर्षी हीच यात्रा काढायला हरकत नाही. वहिनी बोलत नाहीत, पण कामात कसूर नाही.

९ मे, कतरगाम

आजचं नीट लिहायला हवं, कारण मला ते पुरतं कळलेलं नाही.

ठरल्याप्रमाणे बायका धर्मशाळेत आणि आम्ही पुरुष नदीवर अंघोळी करून देवळात गेलो. मोठं देऊळ असेल असं वाटलं होतं, पण साधी कौलारू इमारत आहे. आत अंधार, कापूर, आणि समोर एक रंगवलेला पडदा. पडद्यावर मोरावर बसलेला देव, दोन्हीकडे दोन बायका. लोक पडद्यालाच नमस्कार करून फळं ठेवत होते. मी पडदा सरकायची वाट बघत उभा राहिलो.

बाजूला कुणी येऊन उभं राहिलं म्हणून पाहिलं, तर वहिनी.

"वहिनी, तुम्ही? आत?"

त्यांनी माझ्याकडे पाहिलंच नाही. अंगावर ओलं लुगडं. नदीवर जाऊन, अंघोळ करून, एकट्याच चालत आल्या होत्या. हात जोडलेले नव्हते. कुणाच्या तरी घरी जाब विचारायला गेल्यासारख्या सरळ उभ्या.

पडद्याकडे बघतच म्हणाल्या, "हा कधी उघडतात?"

मी तिथल्या एका इंग्रजी बोलणाऱ्या गृहस्थाला विचारलं. तो म्हणाला, उघडत नाहीत. मागे काय आहे ते पुजाऱ्याशिवाय कुणी पाहिलेलं नाही. मूर्ती नाहीच म्हणतात.

"कुणालाच नाही दाखवत?"

"कुणालाच नाही."

वहिनी हसायला लागल्या. आधी हळू, मग तोंडाला पदर लावून. डोळ्यांतून पाणी येत होतं. "पडदाच आहे, भावोजी," म्हणाल्या. "मी एवढी हिंमत करून आले, आणि नुसता पडदा."

मला वाटलं ऊन लागलं. सावलीत बसवलं, शहाळं दिलं. तेवढ्यात भाऊ आले. वहिनींना पाहून चिडणार होते, पण मूर्ती नाही म्हटल्यावर विचारात पडले, आणि शेवटी म्हणाले की तोंडच दिसत नाही तर दोष लागत नाही, सर्व बायकांनी यायला हरकत नाही. साऱ्याजणी हसतखिदळत दर्शन घेऊन आल्या. वहिनी शहाळं पूर्ण पिऊन मगच उठल्या.

१० मे, कोलंबोच्या वाटेवर

आज वहिनींच्या कपाळाला कुंकू नाही.

माझ्या हे संध्याकाळी लक्षात आलं. बायकांच्या सकाळीच आलं असणार, कारण दिवसभर बस शांत होती. मंगळसूत्रही दिसलं नाही. काकू त्यांच्या शेजारी हात हातात घेऊन बसल्या होत्या. भाऊंनी मला विचारलं, "काही तार वगैरे आली का?"

"नाही," मी म्हटलं.

"मग आजच का?"

वहिनींना विचारलं तेव्हा त्या म्हणाल्या, "उद्या बोटीचं बघा तुम्ही. आणि रामेश्वरला त्यांचं काय करायचं असेल ते करून टाकू."

१३ मे, रामेश्वर

दादाचं केलं. वाळूत बसून पिंड केले. भटजींनी नाव विचारलं. मला सारं पाठ आहे, गोत्र सांगितलं, वडिलांचं, आजोबांचं नाव सांगितलं, आणि दादाच्या नावाशी येऊन आवाजच निघेना. भटजी थांबले. भाऊ घसा खाकरायला लागले.

मागून वहिनींनी सांगितलं. "बाळकृष्ण. बाळकृष्ण वासुदेव गुप्ते."

त्यांच्या तोंडून दादाचं नाव मी आज पहिल्यांदा ऐकलं. लग्नात उखाण्यात घेतलं असेल तेवढंच. स्पष्ट, शेवटच्या माणसापर्यंत ऐकू जाईल असं म्हणाल्या. भटजींनी ते उचललं आणि पुढे चालू झाले. मी डोळे पुसत होतो, धूर फार होता.

२२ मे, अंधेरी

यात्रा उत्तम पार पडली असं सगळ्यांचं मत. भाऊ म्हणतात पुढच्या वर्षी पन्नास माणसं देतो.

५ जून

वहिनींना पुण्याला मिडवाइफच्या कोर्सला जायचं आहे. ॲग्नेसने सगळी माहिती काढली. तिथेच राहायचं, दीड वर्ष. वयाला अडत नाही म्हणे, पुष्कळ विधवा बायका असतात. 'विधवा' हा शब्द त्यांनी 'गृहिणी' म्हणावं इतक्या सहज उच्चारला.

मी म्हटलं, "इथे काही कमी पडलं का तुम्हाला?"

"काहीच नाही."

"मग कशाला?"

"पस्तीस वर्षांची आहे मी, भावोजी."

हे काही उत्तर नव्हे. ॲग्नेसला म्हटलं, तू हे डोक्यात घातलंस. ती म्हणाली, "मी? ती त्रिंकोमालीला वाळूत चालता चालता विचारत होती मला. आणि तू वेडा आहेस." का ते सांगितलं नाही.

१९ जून, रविवार

वहिनींनी स्वयंपाक शिकवायला घेतलं. भात दोनदा लागला. आमटी जमली. भाऊंनी आणलेल्या त्या मुलीचं अजून कुठे ठरलेलं नाही, हेही त्यांनी मध्येच सांगितलं. मी डाळ ढवळत होतो.

२६ जून, रविवार

वहिनींना दादरला पुण्याच्या गाडीत बसवून आलो. ॲग्नेस येणार होती, पण तिला एका बाळंतिणीने अडकवलं. बरं, सामान फारसं नव्हतंच. खिडकीशी जागा मिळाली. पांढऱ्या लुगड्यात नव्हत्या, निळं नेसल्या होत्या. मी सूचना देत उभा होतो, उतरल्यावर टांगा कुठे मिळेल, पत्र कधी टाकायचं.

त्या म्हणाल्या, "भावोजी, एक विचारू? रागावू नका."

"विचारा."

"मी त्यांची वाट बघत होते. इतकी वर्षं. तुम्ही कशाची बघत होतात?"

गार्डाची शिट्टी झाली. त्या थांबल्या होत्या.

मी विचारलं, "फिरकीच्या तांब्यात पाणी भरून घेतलंत ना?"

"घेतलंय," वहिनी म्हणाल्या, आणि खिडकीच्या गजांवरचा माझा हात हलकेच सोडवला, कारण गाडी हलली होती.